एक स्टीलची पट्टी, शंभर ग्रॅम वजन आणि अकरावीचं फंक्शन: आमच्या वर्गाचं प्रकरण

मी तालुक्याच्या गावात एका ज्युनिअर कॉलेजला सायन्सच्या मुलांना मॅथ्स शिकवते. राज्य मंडळाच्या अकरावीच्या भाग दोनमध्ये फंक्शन्सचा, म्हणजे एक राशी दुसरीवर कशी अवलंबून असते त्याचा, धडा आहे. डोमेन, रेंज, वन-वन, ऑन्टू, कंपोझिट, इन्व्हर्स, लॉग सगळं त्यात आहे आणि पोरं गणितं सोडवतातही, पण धडा संपल्यावर विचारलं की नळाखाली बादली भरतेय, तिच्यातल्या पाण्याची उंची हे कशाचं फंक्शन आहे, की वर्ग गप्प होतो. रिग्रेशनचं, म्हणजे रीडिंगच्या ठिपक्यांना सगळ्यात नीट बसणारी रेष हिशोबाने काढण्याचं, तर अजूनच वेगळं, ते आपल्याकडे बारावी कॉमर्सच्या पुस्तकात आहे आणि सायन्सवाल्यांच्या मॅथ्समध्ये येतच नाही. म्हणजे जी मुलं पुढे इंजिनिअरिंगला जाऊन लॅबमध्ये रीडिंगच घेत बसणार आहेत ती फिजिक्सच्या जर्नलमध्ये ठिपक्यांच्या मधून पट्टी ठेवून अंदाजे रेष मारतात, ती रेष तिथूनच का मारली हे त्यांना कोणी विचारत नाही आणि तीही विचारत नाहीत. हे मला फार खटकतं, म्हणून गेल्या वर्षी आम्ही जे केलं ते इथे सविस्तर लिहितेय, आकड्यांसकट, म्हणजे कोणाला करून बघायचं असेल तर बघता येईल.

फिजिक्सच्या सरांशी बोलून शनिवारचे प्रॅक्टिकलचे तास घेतले. सामान सगळं लॅबमधलंच: ३० सेंटिमीटरच्या स्टीलच्या पट्ट्या, ५० ग्रॅमची स्लॉटेड वजनं, दोरा, सुताराकडून आणलेले सी-क्लॅम्प, आणि मागे उभी धरायला अजून एक पट्टी. प्रयोग अगदी साधा आहे. पट्टीचं एक टोक टेबलाच्या कडेला घट्ट आवळायचं, दुसरं टोक हवेत बाहेर, टोकाच्या भोकातून दोऱ्याने वजन लटकवायचं आणि टोक किती खाली आलं ते मोजायचं. बाल्कनीचा स्लॅब, रस्त्यावरच्या दिव्याचा आडवा दांडा, सगळे एका बाजूने धरलेले आणि दुसऱ्या बाजूने मोकळे, म्हणजे ही तीच जात.

वजन लावायच्या आधी मी सगळ्यांकडून दोन उत्तरं वहीत लिहून घेतली. वजन दुप्पट केलं तर वाक कितीपट? आणि वजन तेच ठेवून बाहेरची लांबी दुप्पट केली तर वाक कितीपट? पहिल्याला जवळजवळ सगळ्यांनी दुप्पट लिहिलं. दुसऱ्यालाही बहुतेकांनी दुप्पटच, काहींनी चौपट, आणि एका मुलीने फक्त "दुप्पटपेक्षा जास्त, पण किती ते माहीत नाही" असं लिहिलं. हे आधी लिहून घेणं फार महत्त्वाचं आहे, कारण एकदा रीडिंग दिसलं की प्रत्येकाला वाटतं आपल्याला हे माहीतच होतं.

पहिला भाग वजनाचा. लांबी २० सेमी पक्की ठेवली आणि ५०, १००, १५०, २००, २५० ग्रॅम लावत गेलो. एका गटाचा वाक आला ६, १२, १९, २४, ३१ मिमी. आता इथे रेष आहे हे कुणालाही दिसतं, पण नेमकी कुठली रेष? फळ्यावर एकाला बोलावून त्याच्या मनाने रेष काढायला लावली, मग दुसऱ्याला, दोघांच्या रेषा वेगळ्या आल्या आणि दोघंही आपलीच बरोबर म्हणून भांडायला लागले. मला हेच भांडण हवं होतं. मग प्रत्येक ठिपक्यापासून रेषेपर्यंतचं उभं अंतर मोजा म्हटलं, वरचं अधिक, खालचं उणे. बेरीज केली तर दोघांचीही जवळपास शून्य येऊ शकते हे त्यांनीच शोधलं, मग कोणीतरी म्हणालं चिन्ह काढून टाका, कोणी म्हणालं वर्ग करा. वर्गांची बेरीज सगळ्यात कमी करायची ही पद्धत लजांद्र या फ्रेंच गणितज्ञाने १८०५ मध्ये छापली, मग १८०९ मध्ये गाउसने छापताना म्हटलं की मी हे १७९५ पासून वापरतोय, आणि त्यावरून दोघांचं चांगलंच वाजलं. पोरांना ही गोष्ट आवडते, आपल्यासारखंच भांडण मोठ्या लोकांचं पण झालं म्हणून.

हिशोब हाताने करून घेतला, कॉम्प्युटर नाही. सरासरी वजन १५०, सरासरी वाक १८.४, फरकांचे गुणाकार मिळवले ३१००, वजनाच्या फरकांचे वर्ग २५०००, भागाकार ०.१२४. म्हणजे वाक = ०.१२४ × वजन − ०.२. मी लगेच विचारलं, ०.१२४ काय आहे? "स्लोप." हो पण काय आहे? बराच वेळ गेला आणि मग एक जण म्हणाला, एक ग्रॅम वाढवलं की ०.१२४ मिलिमीटर खाली. बस, एवढंच हवं होतं, स्लोपला युनिट आहे हे अकरावीत पहिल्यांदा कोणीतरी स्वतःहून बोललं. आणि −०.२ चं काय? वजन शून्य असताना पट्टी ०.२ मिमी वर कशी जाईल? आमची पट्टी अर्धा मिमीपर्यंतच वाचता येते, त्यामुळे ०.२ ला काही अर्थ नाही, तो वाचण्यातला थरथराट आहे. हे समजून सांगायला पाच मिनिटं लागली पण पुढे फार कामाला आलं, कारण कुठला आकडा गांभीर्याने घ्यायचा आणि कुठला सोडून द्यायचा हे पुस्तकातल्या गणितात कधी ठरवावंच लागत नाही.

मग दुसरा भाग, लांबीचा, आणि खरं प्रकरण हेच आहे. वजन १०० ग्रॅम पक्कं, लांबी १०, १३, १६, १९, २२, २५ सेमी. त्याच गटाचा वाक: १.५, ३.५, ६, १०.५, १६.५, २४ मिमी. आधीच्या तासाला रिग्रेशन आलेलं, त्यामुळे सगळे जोशात, फटाफट हिशोब केला: वाक = १.४८६ × लांबी − १५.६७. कोरिलेशन, म्हणजे ठिपके रेषेला किती धरून आहेत त्याचा आकडा, काढलं, आर आला ०.९७. वर्गात एकदम आनंद. ०.९७ म्हणजे एकला टेकलेलं, मस्त फिट, झालं काम.

मी काहीच बोलले नाही, फक्त म्हटलं की या रेषेत १० सेमी घालून बघा. उत्तर आलं −०.८. म्हणजे १० सेमीला शंभर ग्रॅम लटकवलं तर पट्टी खाली न जाता वर जाणार. आणि १० सेमी काही लांबचं नव्हतं, आम्ही स्वतः घेतलेलं रीडिंग होतं ते! मग रेसिड्युअल काढायला लावले, म्हणजे खरं रीडिंग वजा रेषेचं उत्तर. ओळीने आले: +२.३, −०.१, −२.१, −२.१, −०.५, +२.५. यांचा वेगळा आलेख काढला तर सरळ सरळ वाटी दिसते, दोन्ही टोकं वर आणि मधला भाग खाली. पहिल्या भागात वजनाचे रेसिड्युअल होते ०, −०.२, +०.६, −०.६, +०.२, त्यांत काही आकार नाही, इकडे तिकडे विखुरलेले. दोन्ही आलेख शेजारी शेजारी फळ्यावर ठेवले आणि पोरांना सांगितलं की मार्क द्यायचे तर या दोन चित्रांना द्या, आरला नका देऊ.

माझं यावर ठाम मत झालंय: रेसिड्युअलचा आलेख काढल्याशिवाय आर किंवा आर स्क्वेअर मुलांना दाखवूच नये. एकदा का ०.९७ दिसला की डोकं बंद होतं. अँस्कोम नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये चार डेटासेट मुद्दाम तयार करून दाखवले होते, चारही सेटचा आर ०.८१६, चारही सेटची रेष ३ + ०.५ एक्स, आणि आलेख काढले तर एक साधा विखुरलेला, एक चक्क वक्र, एक सरळ रेष पण एकच ठिपका लांब उडालेला, आणि चौथ्यात एक ठिपका सोडून सगळे एकाच उभ्या रेषेत. ते चार आलेख मी प्रिंट काढून वर्गात लावलेत, अजून आहेत.

पुढच्या शनिवारी कॉम्प्युटर लॅबमध्ये बसलो. स्प्रेडशीटमध्ये ट्रेंडलाइन टाकायची सोय असते, त्यात पॉलिनॉमियलची डिग्री वाढवता येते. झालं, पोरांनी शर्यतच लावली. दोन केली, आर स्क्वेअर वाढला, तीन केली, अजून वाढला, आणि पाच केली तर बरोबर १. सहा ठिपके आणि डिग्री पाच, सगळ्या ठिपक्यांतून जाणारच ना, पण त्या क्षणी कोणाच्या लक्षात आलं नाही. एक जण तर उभा राहून म्हणाला, "मॅडम, परफेक्ट आलं." मग मी दोन प्रश्न लिहिले. या फंक्शनप्रमाणे ७ सेमीला किती आणि २८ सेमीला किती? साध्या रेषेने ७ ला दिलं −५.३ आणि २८ ला २६. डिग्री पाचने ७ ला दिलं −६ आणि २८ ला ३६. आता दोन्ही लांब्या आपल्याला पट्टीवर करून बघता येतात की, पण मी लगेच करू दिलं नाही, म्हटलं अजून एक फंक्शन उमेदवार म्हणून उभं करू, मग तिघांची परीक्षा एकदम घेऊ.

इथे लॉग आला. आपल्या मुलांना लॉग टेबल फिजिक्स केमिस्ट्रीच्या परीक्षेत गुणाकार भागाकार पटकन करायचं साधन म्हणूनच माहीत असतं. मी म्हटलं समजा वाक = क × लांबीचा न वा घात असेल, तर दोन्ही बाजूंचा लॉग घ्या, काय होतं? लॉग वाक = लॉग क + न × लॉग लांबी. म्हणजे परत सरळ रेष, आणि तिचा स्लोप म्हणजेच घात. सहाही रीडिंगचे लॉग टेबलातून काढले, आलेख काढला, ठिपके एका रेषेत येऊन बसले. रिग्रेशनचा स्लोप ३.०१. क आला ०.००१४८. लांबीचा घन! मग सगळ्यांना पहिल्या दिवशीचं उत्तर उघडायला लावलं, लांबी दुप्पट केली तर कितीपट? आठपट. आणि हे तर आमच्याच आकड्यांत लपलेलं होतं, १० सेमीला १०० ग्रॅमने १.५ मिमी आणि पहिल्या भागात २० सेमीला १०० ग्रॅमने १२ मिमी. १.५ आठे १२. ती "दुप्पटपेक्षा जास्त" लिहिणारी मुलगी स्वतःहून फळ्यावर येऊन हे दाखवून गेली, मला सांगावं लागलं नाही.

आता परीक्षा. घन फंक्शनने ७ सेमीला दिलं अर्धा मिमी आणि २८ ला ३३.८. पट्टी आवळली, २८ ला फक्त शेवटचं टोकच क्लॅम्पमध्ये राहतं त्यामुळे दोनदा घट्ट केलं, वजन लावलं, रीडिंग ३४. ७ ला पट्टी जेमतेम हलली, अर्धा मिमी म्हणता येईल इतकीच, पण खालीच गेली, वर नाही. म्हणजे ज्या फंक्शनचा आर स्क्वेअर पूर्ण १ होता ते फंक्शन ७ सेमीला पट्टी ६ मिमी वर उचलत होतं. ठिपक्यांतून जाणं आणि गोष्ट कळणं यात केवढा फरक आहे हे त्या दिवशी पोरांना दिसलं, आणि मला वाटतं हे फळ्यावर कितीही वेळा सांगून दिसलं नसतं.

पण या सगळ्यात मला स्वतःला जे सर्वात मोलाचं वाटतं ते पुढेच घडलं. सगळ्या गटांचा घात ३ आला नाही. एका गटाचा आला २.६, दुसऱ्या एकाचा ३.२. २.६ वाल्यांचा वाक १० सेमीला ३ मिमी आणि २५ ला ३३, म्हणजे सगळीकडे जास्तच. त्यांना वाटलं आपलं चुकलं, रीडिंग खोडून ३ येईल असे आकडे लिहायची तयारी चालली होती, जर्नलमध्ये हे सर्रास चालतं हे आपण सगळे जाणतो. मी वही काढून घेतली आणि म्हटलं तुमचे आकडे खरे आहेत, फक्त ते वेगळ्या गोष्टीबद्दल बोलतायत, कुठल्या ते शोधा.

शोधलं त्यांनी. क्लॅम्प कमी पडले होते म्हणून त्यांनी पट्टी पुस्तकांच्या थप्पीखाली दाबून धरली होती. वजन लावलं की पट्टी वाकायचीच, पण थप्पीखालून थोडी उचललीही जायची, म्हणजे धरलेल्या जागीच थोडी फिरायची. आता ती फिरते किती? टोकाला लटकवलेल्या वजनाचा मोमेंट म्हणजे वजन गुणिले लांबी, त्यामुळे फिरण्याचा कोन लांबीच्या पटीत, आणि तेवढ्या कोनाने टोक खाली येतं कोन गुणिले लांबी, म्हणजे लांबीच्या वर्गाच्या पटीत. म्हणजे त्यांच्या वाकात एक घन होता आणि एक वर्ग मिसळलेला होता, आणि लॉगच्या आलेखाने दोघांच्या मधला घात दिला, २.६. हा हिशोब फिजिक्सच्या सरांनी फळ्यावर मांडला, मुलांनी क्लॅम्प लावून परत रीडिंग घेतली आणि घात तीनच्या जवळ आला. एका आकड्याने सांगितलं की बुड सैल आहे. इंजिनिअरिंगमध्ये रिग्रेशन याच्यासाठीच करतात.

३.२ वाल्यांचं उलट. त्यांनी लांबी क्लॅम्पच्या कडेपासून पट्टीच्या टोकापर्यंत मोजली होती, पण वजन लटकत होतं भोकातून, जे टोकाच्या साधारण एक सेंटिमीटर आत होतं. म्हणजे खरी लांबी प्रत्येक वेळी एकने कमी. १० चे ९ झाले तर फार फरक, २५ चे २४ झाले तर थोडा, त्यामुळे लहान लांबीचा वाक कमी पडला आणि रेष उभी झाली. त्यांनी लांबीतून एक वजा करून परत लॉग घेतले आणि घात जागेवर आला, प्रयोग परत करावाच लागला नाही. आणि इथे कंपोझिट फंक्शन, शिफ्ट, एफ ऑफ एक्स उणे एक, हे सगळं धड्यात शिकवलेलं एकदम खऱ्या कामाला आलं, आलेख उजवीकडे एकने सरकतो म्हणजे काय हे त्यांनी दोऱ्याच्या गाठीत पाहिलं.

अजून एक बारकावा, शिक्षकांसाठी खास. लॉग घेतला की लहान रीडिंग फार वजनदार होतात. १० सेमीचं रीडिंग १.५ ऐवजी २ वाचलं, म्हणजे फक्त अर्ध्या मिमीचा फरक, तर आमचाच घात ३.०१ वरून २.७६ वर येतो. २४ च्या जागी २४.५ वाचलं तर जवळजवळ काहीच होत नाही. त्यामुळे लहान लांबीला डोळा पट्टीच्या अगदी समोर आणून, शक्यतो दोघांनी वेगवेगळं वाचून घ्या. किंवा लहान लांबीला वजन जास्त लावा आणि पहिल्या भागातल्या सरळ रेषेवरून १०० ग्रॅमचा वाक काढा, एका गटाने हे आपणहून सुचवलं आणि मला मनापासून आनंद झाला, कारण पहिल्या फंक्शनचा उपयोग दुसरं शोधायला करायचा हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

आता न वाकलेल्या रीडिंगचं. बऱ्याच गटांनी ५ सेमीला पण वजन लावून बघितलं होतं पण टेबलमध्ये ते लिहिलंच नाही. विचारलं तर म्हणाले, "मॅडम, वाकलीच नाही, मग काय लिहिणार?" घनाच्या हिशोबाने तिथे ०.२ मिमी यायला हवा, आपल्याला दिसणारच नाही. पण "अर्ध्या मिमीपेक्षा कमी" ही पण माहितीच आहे, आणि ती एकटी माहिती त्या सरळ रेषेला आणि डिग्री पाचला पाडायला पुरेशी होती. इथे मी त्यांना अमेरिकेच्या चॅलेंजर अंतराळयानाची गोष्ट सांगितली. २८ जानेवारी १९८६ ला ते उड्डाणानंतर थोड्याच वेळात फुटलं, सातही जण गेले. थंडीत सांधे बंद ठेवणाऱ्या रबराच्या ओ-रिंग नीट बसत नाहीत ही शंका इंजिनिअरना आदल्या रात्री होती, तापमान आणि बिघाड यावर चर्चा झाली, पण ज्या उड्डाणांत काहीच बिघडलं नव्हतं ती त्या तुलनेत धरलीच नव्हती. धरली असती तर दिसलं असतं की न बिघडलेली सगळी उड्डाणं ६६ फॅरेनहाइट म्हणजे साधारण १९ सेल्सिअस किंवा त्याच्या वरची होती, आणि त्या सकाळी तापमान गोठणबिंदूच्या आसपास होतं. वर्ग एकदम शांत झाला. त्यानंतर "काही झालं नाही" हे रीडिंग सगळेच लिहायला लागले.

शेवटी सरांनी सूत्र दिलं, आधी नाही, मुद्दाम शेवटी: वाक = वजनाचं बल × लांबीचा घन ÷ (३ × यंग्ज मॉड्युलस × आय). यंग्ज मॉड्युलस म्हणजे धातू किती ताठ आहे त्याचा आकडा, आणि आय म्हणजे रुंदी × जाडीचा घन ÷ १२. रुंदी २५ मिमी, जाडी स्क्रू गेजने ०.८० मिमी. आमच्या क वरून यंग्ज मॉड्युलस आला साधारण २.०२ × १० चा ११ वा घात, आणि पहिल्या भागाच्या ०.१२४ वरून १.९८. पुस्तकात स्टीलचा दिलाय २ × १० चा ११ वा घात. दोन वेगळे प्रयोग, दोन वेगळी फंक्शन, आणि दोन्हीकडून एकच धातू निघाला! पोरांनी टाळ्या वाजवल्या, पण मी लगेच विचारलं की जाडी ०.०१ मिमीने चुकली असती तर? जाडीचा घन असल्यामुळे जवळपास ४ टक्के इकडे तिकडे. म्हणजे इतकं जवळ जुळलं यात थोडं नशीबही आहे हे सांगणं मला गरजेचं वाटलं.

अजून एक प्रयोग, पाण्याच्या बाटलीचा, थोडक्यात सांगते. सरळ उभ्या बाटलीला बुडाजवळ छोटं भोक पाडायचं, उंचीची पट्टी चिकटवायची, मोबाइलवर व्हिडिओ काढून दर २० सेकंदांनी उंची वाचायची. आमची उंची साधारण १६, ९, ४, १ अशी उतरली, म्हणजे उंचीचं वर्गमूळ सरळ रेषेत कमी होतं आणि उंची हे वेळेचं क्वाड्रॅटिक फंक्शन. ८० सेकंदांना बाटली रिकामी. आता तेच सूत्र १०० सेकंदांना वापरलं तर उंची परत १ येते, पाणी परत वर चढल्यासारखं! डोमेन का लिहायचं हे मी वर्षानुवर्षं सांगत होते, इथे एका प्रश्नात कळलं. शेवटच्या सेंटिमीटरला मात्र धार तुटून थेंब पडायला लागतात, तिथले ठिपके वक्रावर बसत नाहीत, आणि ते बसत नाहीत हेच लिहायचं.

तक्रारी आल्याच. पोर्शन मागे पडला, तो डिसेंबरात जादा तास घेऊन भरून काढला. पालक विचारत होते याचा सीईटीला काय उपयोग, आणि प्रश्न चुकीचा नाहीये, नव्वद मिनिटांत पन्नास प्रश्न सोडवायचे असतात तिथे रेसिड्युअल कोणी विचारत नाही. मी त्यांना प्रामाणिकपणे सांगितलं की मार्क वाढतील असं मी म्हणत नाही. काही मुलांना यात शेवटपर्यंत गोडी लागली नाही, ती गटात बसून नुसती रीडिंग लिहून घ्यायची. मोठा गट केला की हे होतंच, तिघांपेक्षा जास्त जण एका पट्टीवर ठेवू नयेत असं माझं मत झालंय. पण युनिट टेस्टला मी एक प्रश्न टाकला, एक टेबल, त्याची रेष, आर ०.९८, आणि विचारलं की ही रेष स्वीकाराल का. आधीच्या बॅचने डोळे झाकून "हो, आर एकच्या जवळ आहे" लिहिलं असतं. या वेळी बऱ्याच पेपरांत कोपऱ्यात छोटा रेसिड्युअलचा आलेख होता, न सांगता काढलेला. काहींनी तर लिहिलं की लहान टोकाला अजून एक रीडिंग घेऊन बघावं लागेल, आणि गणिताच्या पेपरात असं उत्तर मी त्याआधी कधी वाचलं नव्हतं.

यावर्षी जाडीचा भाग वाढवलाय. दोन पट्ट्या नुसत्या एकावर एक ठेवल्या तर २० सेमीला १०० ग्रॅमचा वाक १२ वरून ६ होतो, पण त्या एकजीव चिकटवल्या तर जाडी दुप्पट, म्हणजे वाक आठवा हिस्सा, १.५ व्हायला हवा. डबल टेपने चिकटवून बघितलं तर मधलाच काहीतरी आकडा येतो, कारण टेप आतल्या आत सरकतो. एका मुलाच्या वडिलांचं गॅरेज आहे, तो लगेच म्हणाला की ट्रकचे पाटे म्हणून तर सुटे असतात, चिकटवले तर गाडी दणके देईल. आता तो गट एपॉक्सी लावून करतोय.

कोणी करणार असाल तर पट्टी स्टीलचीच घ्या. प्लास्टिकच्या पट्टीवर वजन ठेवलं की ती हळूहळू वाकतच राहते, रीडिंग कुठल्या क्षणाचं घ्यायचं तेच ठरत नाही, आणि मग वाक हे लांबीचं फंक्शन न राहता वेळेचंही होऊन बसतं. तो प्रयोगही चांगला आहे, पण दोन चलांचा, तो बारावीला ठेवा. क्लॅम्पखाली लाकडाची छोटी फळी द्या म्हणजे टेबलाची कड दबत नाही. रिकाम्या पट्टीचं रीडिंग प्रत्येक लांबीला नव्याने घ्या, कारण पट्टी स्वतःच्या वजनानेही थोडी झुकते आणि तो झुकाव लांबीच्या चौथ्या घाताने वाढतो. आणि २५० ग्रॅमच्या पुढे जाऊ नका, वाक फार मोठा झाला की सरळ रेषच राहत नाही.